मदत तात्पुरती, भाव कायमचे

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी आपले एक वचन पुरे झाल्याचे जाहीर केले. वर्षाच्या सुरुवातीला त्यांनी देशाला पाच वचने दिली होती आणि त्यातले पहिलेच होते महागाईचा दर निम्म्यावर आणण्याचे. तो १०.७ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आला होता. हिशेबात खोट नव्हती. तरीही कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पुढच्या जुलैमध्ये झालेल्या निवडणुकीत मतदारांनी त्यांच्या हुजूर पक्षाला १२१ जागांवर आणून बसवले. जवळजवळ दोनशे वर्षांच्या इतिहासात या पक्षाची एवढी वाताहत कधीच झाली नव्हती.

पराभवाची कारणे अनेक होती. चौदा वर्षांची सत्ता, कोरोनाकाळात पंतप्रधानांच्या कार्यालयात झडलेल्या पार्ट्या, रुग्णालयांतल्या न संपणाऱ्या प्रतीक्षायाद्या. पण घराघरांत रोज बोलला जाणारा विषय होता महिन्याच्या बिलांचा. आणि या बाबतीत सरकारने हात आखडता घेतला होता असेही नाही, अब्जावधी पौंड वाटले होते. मग एवढा पैसा ओतूनही लोकांचा राग गेला का नाही?

पहिले उत्तर साध्या गणितात आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये शंभर पौंडांत येणारे सामान घ्या. पुढच्या वर्षभरात महागाईचा दर ११.१ टक्क्यांवर गेला. एकेचाळीस वर्षांतला तो उच्चांक होता. तेच सामान १११ पौंडांचे झाले. त्यापुढच्या वर्षी दर ४.६ टक्के राहिला, सरकारचे वचन पुरे झाले, पण सामानाला आता ११६ पौंड मोजावे लागले. दर उतरला म्हणजे भाव उतरले नाहीत, फक्त चढण्याचा वेग मंदावला. सरकार वेग मोजत होते आणि लोक गल्ल्यावर मोजायची रक्कम.

ही तर झाली सगळ्या वस्तूंची सरासरी. खाण्यापिण्याच्या वस्तूंची महागाई मार्च २०२३ मध्ये १९.२ टक्क्यांवर होती आणि तीन वर्षांत किराणा सुमारे तीस टक्क्यांनी महागला. काही सुपरमार्केटांनी लुरपाक लोण्याच्या डब्यांवर दारात बझर वाजवणारे चोरीविरोधी टॅग लावले, तेव्हा त्यांचे फोटो देशभर फिरले. सरासरीच्या आत आणखी एक गोम होती. कमी पैशांत होणाऱ्या पाककृती लिहिणाऱ्या जॅक मन्रो यांनी जानेवारी २०२२ मध्ये प्रश्न विचारला की, दुकानातल्या सर्वांत स्वस्त पाकिटांचे काय? ज्यांचे घर त्या पाकिटांवरच चालते, त्यांची महागाई सरकारी आकड्यात दिसते का? सांख्यिकी कार्यालयाने मग नेहमीच्या तीस वस्तूंचे सर्वांत स्वस्त प्रकार तपासले. एकूण वाढ सर्वसाधारण किराण्याइतकीच निघाली, पण त्यातला पास्ता एका वर्षात पन्नास टक्क्यांनी महागला होता. ज्याच्या घरी आठवड्यातून चार दिवस पास्ताच शिजतो, त्याला सरासरी सांगून काय उपयोग?

गॅस महागला की सगळेच महागते

ब्रिटनमध्ये थंडीचे चार-पाच महिने घर तापवावे लागते. चारपैकी तीनहून अधिक घरांत हे काम गॅसच्या बॉयलरवर होते. पाइपने आलेला गॅस बॉयलरमध्ये जळतो, पाणी तापते आणि ते खोल्याखोल्यांतल्या रेडिएटरमधून फिरते. घरे जुनी आहेत, लाखो घरे तर व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या विटांच्या चाळवजा रांगांतली. त्यांच्या खिडक्यांच्या फटींतून आणि छतांतून उष्णता बाहेर पळते. त्यात विजेचा भावही गॅसलाच बांधलेला. घाऊक बाजारात मागणी भागवण्यासाठी शेवटी ज्या केंद्राची वीज घ्यावी लागते, त्या केंद्राचा भाव सगळ्यांना मिळतो आणि ते शेवटचे केंद्र बहुतेक वेळा गॅसवर चालणारे असते. त्यामुळे पवनचक्कीची वीज स्वस्तात तयार झाली तरी ग्राहकाच्या बिलात ती बहुधा गॅसच्या भावाने येते.

गॅस २०२१ च्या शरद ऋतूतच भडकला होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर त्यात तेल पडले. ब्रिटन रशियाकडून थेट घेत असलेला गॅस त्याच्या गरजेच्या पाच टक्क्यांहूनही कमी होता, पण युरोपचा बाजार एकच असल्याने भाव सगळ्यांना सारखाच बसला. देशातला सर्वांत मोठा गॅससाठा, यॉर्कशायरच्या किनाऱ्याबाहेरचा ‘रफ’, २०१७ मध्येच बंद केलेला होता. त्यामुळे स्वस्ताईत भरून ठेवलेला गॅस महागाईत काढायची सोयही फारशी उरली नव्हती. वर्षभरात जवळपास तीस छोट्या-मोठ्या पुरवठादार कंपन्या बुडाल्या. त्यांच्या ग्राहकांना दुसऱ्या कंपन्यांकडे वळवण्याचा खर्च उरलेल्या सगळ्यांच्या बिलांवर पसरला. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने तो दर घरामागे सुमारे ९४ पौंड काढला.

बिलांवर अंकुश ठेवायला ‘ऑफजेम’ ही नियामक संस्था आहे. २०१९ पासून ती वीज आणि गॅसच्या दरांची कमाल मर्यादा ठरवते. सरासरी वापराच्या घराचे या मर्यादेनुसारचे वार्षिक बिल ऑक्टोबर २०२१ मध्ये १,२७७ पौंड होते. एप्रिल २०२२ मध्ये ते १,९७१ झाले. २६ ऑगस्टला जाहीर झाले की, ऑक्टोबरपासून ते ३,५४९ पौंड होणार, म्हणजे तेव्हाच्या भावाने सव्वातीन लाख रुपयांच्या पुढे. एका वर्षात जवळपास तिप्पट. बचतीचे सल्ले देण्यासाठी घराघरांत ओळखले जाणारे मार्टिन लुइस यांनी त्याच वर्षी सांगून टाकले होते की, माझ्याकडची हत्यारे संपली आहेत, आता सरकारनेच काहीतरी करायला हवे.

सरकारने दिले, पण कसे दिले?

फेब्रुवारी २०२२ मध्ये अर्थमंत्री असलेल्या सुनक यांनी पहिला हप्ता जाहीर केला. मध्यम आणि छोट्या घरांना स्थानिक घरपट्टीत १५० पौंडांची सवलत आणि वीजबिलात २०० पौंडांची सूट. त्या सुटीला मात्र शेपूट होते. ती पुढची पाच वर्षे दरसाल ४० पौंडांनी परत फेडायची होती. ही मदत की उसनवारी, असा प्रश्न लोकांनी विचारला. मे महिन्यात सरकार वरमले. २०० चे ४०० पौंड झाले, परतफेड रद्द झाली, गरीब कुटुंबांना वेगळे ६५० पौंड मिळाले आणि तेल-गॅस कंपन्यांच्या घबाडावर २५ टक्के जादा कर बसला.

ऑगस्टपर्यंत हेही अपुरे ठरले. ‘डोन्ट पे’ नावाच्या मोहिमेने हाक दिली की, दहा लाख लोकांनी १ ऑक्टोबरपासून बिल भरणेच थांबवावे. ही कल्पना हवेतून आलेली नव्हती. १९९० मध्ये मार्गारेट थॅचर यांच्या माणशी कराविरुद्ध लाखो लोकांनी असेच पैसे भरायचे नाकारले होते, ३१ मार्चला ट्रॅफलगर चौकात दंगल पेटली होती आणि त्याच वर्षी थॅचर यांना पायउतार व्हावे लागले होते. या वेळी दहा लाखांचा आकडा गाठला गेला नाही, कारण त्याआधीच ८ सप्टेंबरला नव्या पंतप्रधान लिझ ट्रस यांनी बिलांना वेसण घातली. त्याच दिवशी राणी एलिझाबेथ यांचे निधन झाले आणि ती घोषणा बातम्यांच्या तळाशी गेली.

या योजनेने सरासरी बिल २,५०० पौंडांवर थोपवले आणि वरचा फरक सरकारने कंपन्यांना दिला. लोकांच्या डोक्यात मात्र बसले की, कितीही हीटर लावा, बिल अडीच हजारांच्या वर जाणार नाही. खुद्द ट्रस यांनीही मुलाखतींत असेच सांगितले. खरे तर मर्यादा बिलाला नव्हती, युनिटच्या दराला होती. विजेचे एक युनिट ३४ पेन्सना, म्हणजे सुमारे तीस रुपयांना पडत होते आणि गॅसचे १०.३ पेन्सना. त्याशिवाय आपल्या बिलावर असतो तसा स्थिर आकार होताच, विजेचा दिवसाला सुमारे ४६ पेन्स आणि गॅसचा २८. एकही दिवा न लावता वर्षाला २७० पौंड.

हा स्थिर आकार सर्वांत जास्त बोचला तो प्रीपेड मीटरवाल्या घरांना. हा मीटर कसा चालतो ते पाहू. कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन चावीत किंवा कार्डात पैसे भरायचे, घरी येऊन ते मीटरमध्ये घालायचे. पैसे संपले की थोडी उसनी शिल्लक मिळते, तीही संपली की घर अंधारात आणि थंडीत. परवडत नाही म्हणून आठवडाभर गॅस लावलाच नाही तरी स्थिर आकार चढत राहतो. पुढच्या वेळी दहा पौंड भरले की आधी तो वळता होतो, मग जुन्या थकबाकीचा तुकडा कापला जातो आणि उरलेल्या पैशांत घर तापवायचे. त्यातून प्रीपेडचा दर बँकेतून थेट पैसे जाणाऱ्या ग्राहकाच्या दरापेक्षा जास्त होता. ही तफावत मिटायला जुलै २०२३ उजाडला. हाती नाणी असलेला माणूस जास्त मोजत होता, बँकेत शिल्लक असलेला कमी.

या घरांना ४०० पौंडही सहजी मिळाले नाहीत. इतरांच्या बिलातून दरमहा ६६-६७ पौंड आपोआप वजा होत होते. जुन्या पद्धतीच्या प्रीपेड मीटरवाल्यांना मात्र व्हाउचर पाठवली गेली. ती टपालाने किंवा मोबाइलवर यायची, वेळेत दुकानात नेऊन वटवायची. लाखो व्हाउचर वटवलीच गेली नाहीत. फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘द टाइम्स’च्या वार्ताहराने उघड केले की, ब्रिटिश गॅस या पुरवठादार कंपनीने नेमलेली माणसे थकबाकीदारांच्या घरात शिरून बळजबरीने प्रीपेड मीटर बसवत होती. त्यांत आजारी माणसांची आणि लहान मुलांचीही घरे होती. दंडाधिकारी न्यायालये अशी शेकडो वॉरंट काही मिनिटांत एकगठ्ठा मंजूर करत होती. ओरड झाल्यावर ऑफजेमने हे प्रकार थांबवले, नियम कडक केले. पण तोवर त्या हिवाळ्याचा मोठा भाग सरला होता.

हप्ता दीडपट, सल्ला फुकट

२३ सप्टेंबर २०२२ रोजी अर्थमंत्री क्वासी क्वार्टेंग यांनी सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर केली आणि पैसे कुठून येणार ते सांगितले नाही. पौंड घसरून १.०३ डॉलरपर्यंत आला. सरकारी रोखे कोसळले आणि ते सावरायला बँक ऑफ इंग्लंडला बाजारात उतरावे लागले. ट्रस यांची कारकीर्द ४९ दिवसांत आटोपली आणि सुनक पंतप्रधान झाले. त्या एका वर्षात ब्रिटनने चार अर्थमंत्री पाहिले.

हे प्रकरण बाजारापुरते राहिले नाही, कारण ब्रिटनमधले गृहकर्ज बहुधा दोन किंवा पाच वर्षांच्याच स्थिर दराने मिळते. मुदत संपली की नव्या दराने नवा करार. दोन टक्क्यांनी घेतलेले दोन लाख पौंडांचे, पंचवीस वर्षांचे कर्ज असेल तर हप्ता ८५० पौंडांच्या आसपास बसतो. तेच सहा टक्क्यांवर गेले की १,२९० च्या घरात. २०२३ या एका वर्षात चौदा लाखांहून अधिक घरांवर असे नवे करार करण्याची पाळी आली. महागाई रोखण्यासाठी बँक ऑफ इंग्लंडने डिसेंबर २०२१ पासून सलग चौदा वेळा व्याजदर वाढवून तो ०.१ वरून ५.२५ टक्क्यांवर नेला. गॅस महागला म्हणून बिल वाढले आणि बिल वाढले म्हणून हप्ता वाढला, असे दुहेरी ओझे मध्यमवर्गाच्या माथी आले. त्यात बँकेचे गव्हर्नर अँड्र्यू बेली यांनी फेब्रुवारी २०२२ मध्येच सुचवले होते की, नोकरदारांनी मोठी पगारवाढ मागू नये. साहेबांची स्वतःची वार्षिक मिळकत साडेपाच लाख पौंडांहून अधिक. कामगार संघटनांना याहून चांगले इंधन मिळाले नसते.

बोनस नको, पगार हवा

जून २०२२ मध्ये रेल्वे कामगारांनी तीस वर्षांतला सर्वांत मोठा संप केला. मागोमाग टपाल कर्मचारी, शिक्षक, वकील, डॉक्टर उतरले. १५ डिसेंबरला परिचारिकांच्या रॉयल कॉलेज ऑफ नर्सिंगने आपल्या शंभरहून अधिक वर्षांच्या इतिहासातला सर्वांत मोठा संप पुकारला. जून ते डिसेंबर या सात महिन्यांत जवळजवळ पंचवीस लाख श्रमदिवस बुडाले.

या संपांतली एक घटना जवळून पाहण्यासारखी आहे. मार्च २०२३ मध्ये सरकारने इंग्लंडमधल्या परिचारिकांना देऊ केले ते असे: पुढच्या वर्षासाठी पाच टक्के पगारवाढ आणि सरत्या वर्षासाठी एकरकमी बोनस. संघटनेच्या नेत्यांनी तो स्वीकारावा असे सुचवले. सदस्यांनी मतदान करून तो फेटाळला. (इतर संघटनांच्या बहुमतामुळे तो पुढे लागू झाला, ही गोष्ट वेगळी.) हाती येणारी रक्कम नाकारण्यात वेडेपणा नव्हता. बोनस एकदा येतो आणि संपतो. मूळ पगारात तो मिळत नाही, पुढच्या वर्षीची वाढ त्यावर मोजली जात नाही, पेन्शनमध्येही तो धरला जात नाही. भाव मात्र वाढले ते वाढलेच. सरकारची बहुतेक सगळी मदत या बोनससारखीच होती. ४०० पौंड एका हिवाळ्यापुरते, दरांची वेसण जून २०२३ पर्यंत, ६५० पौंड काही हप्त्यांपुरते. कायमच्या वाढीला तात्पुरते उत्तर मिळाले, तर पैसे कितीही मोठे असोत, माणसाला ते पुरल्यासारखे वाटत नाहीत.

शेवटी जुलै २०२३ मध्ये सुनक यांनी सरकारी कर्मचाऱ्यांची पगारवाढ मान्य केली. त्यासाठी नवे कर्ज काढणार नाही, असे सांगत त्यांनी त्यातला काही भार व्हिसाशुल्कावर आणि परदेशी नागरिकांनी भरायच्या आरोग्य अधिभारावर टाकला. विद्यार्थ्यांसाठीचा हा अधिभार दरसाल ४७० पौंडांवरून ७७६ पौंडांवर गेला. तेव्हा ब्रिटनमध्ये शिकायला जाणाऱ्यांत भारतीय आघाडीवर होते. २०२४ पासून मुलाला मास्टर्ससाठी तिकडे पाठवताना पुण्या-नाशिकच्या पालकांनी जी जादा रक्कम आगाऊ भरली, तिचा उगम त्या संपांत होता.

दोनशे पौंडांची किंमत

जुलै २०२४ मध्ये मजूर पक्ष मोठ्या बहुमताने आला. तिजोरीत खड्डा आहे, असे म्हणत अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी महिना उलटायच्या आत एक निर्णय घेतला. पेन्शनर घरांना दर हिवाळ्यात मिळणारा २०० ते ३०० पौंडांचा इंधन भत्ता यापुढे फक्त अतिगरिबांना मिळेल. सुमारे एक कोटी पेन्शनर त्यातून वगळले गेले. बचत होणार होती दीड अब्ज पौंडांच्या आसपास. सरकारने आधीच्या दोन वर्षांत बिलांवर खर्च केलेल्या रकमेपुढे ही चिल्लर होती.

पण हा भत्ता १९९७ पासून चालत आलेला होता. दर हिवाळ्यात खात्यात जमा व्हायचा, लोक तो धरून चालायचे. तो काढल्यावर सधन म्हातारेही चिडले आणि ज्यांना खरी गरज होती ते गारठले. मे २०२५ च्या स्थानिक निवडणुकांत नायजेल फराज यांच्या रिफॉर्म यूके पक्षाने दहा कौन्सिले जिंकली आणि मजूर पक्षाच्या कार्यकर्त्यांना दारोदार या भत्त्याबद्दल ऐकावे लागले. जूनमध्ये सरकारने माघार घेतली. वर्षाला ३५ हजार पौंडांपर्यंत मिळकत असलेल्या, म्हणजे सुमारे नव्वद लाख पेन्शनरांना भत्ता पुन्हा सुरू झाला. कोट्यवधी घरांचे चारशे पौंड लोक विसरून गेले होते, पण दोनशे पौंडांनी सरकारला गुडघे टेकायला लावले. दिलेल्या रकमेच्या आकारापेक्षा ती पुढच्या वर्षी येणार की नाही, याला लोक जास्त वजन देतात.

अर्थखात्याला हे उलट बाजूने चांगले कळते. २०२१ पासून आयकरमुक्त मिळकतीची मर्यादा १२,५७० पौंडांवर गोठवलेली आहे. पगार महागाईच्या मागे धावत वाढला की, त्यातला वाढता हिस्सा गुपचूप कराच्या जाळ्यात जातो. कर वाढवला असे कोणाला जाहीर करावे लागत नाही. ही गोठवणी आधी २०२८ पर्यंत नेली आणि नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात रीव्हज यांनी ती २०३१ पर्यंत वाढवली. सवलती थोड्या दिवसांच्या आणि वसुली दहा वर्षांची.

त्याच अर्थसंकल्पात दोन गोष्टी मात्र वेगळ्या होत्या. तिसऱ्या आणि पुढच्या अपत्यासाठी गरीब कुटुंबांना साहाय्य न देण्याचा २०१७ पासूनचा नियम रद्द करायचे ठरले. वर्षभरापूर्वी याच मागणीला मत दिले म्हणून मजूर पक्षाने आपल्याच सात खासदारांना निलंबित केले होते. दुसरे म्हणजे, वीजबिलात मिसळलेल्या हरित योजनांच्या खर्चाचा मोठा भाग काढून तो सरकारी तिजोरीवर घ्यायचा आणि सरासरी बिल १५० पौंडांनी उतरवायचे. त्यात एक योजना पूर्ण बंद होणार होती आणि नेमकी तीच गरीब घरांच्या भिंती व छते उष्णतारोधक करण्याचा खर्च उचलत होती. समोरचे बिल कमी करण्यासाठी दरवर्षीचे बिल कमी करणाऱ्या कामाचा हा निधी थांबवायचे ठरले. छतात एकदा चांगला थर भरला की त्याचा फायदा तीस-चाळीस हिवाळे मिळतो. पण तो मिळू लागेपर्यंत मंत्री बदललेला असतो, आणि बिल तर येत्या महिन्यात यायचे असते. म्हणून ब्रिटनमधली सरकारे बिलावर सूट देत राहतात, घरांच्या फटी तशाच राहतात आणि गॅस पुन्हा भडकला की लोकांचा राग नव्या पंतप्रधानाच्या दाराशी येऊन उभा राहतो.